उचगावच्या लॅपटॉपवर बेंगळुरू

बेंगळुरूहून बेळगावजवळच्या उचगावला काही यायचं म्हणजे बहुधा सरकारी परिपत्रक, आणि तेही कानडीत. म्हणून त्या शहराच्या नावाची एखादी गोष्ट मराठी माणसाच्या सोयीची आहे असं सांगितलं, तर सीमाभागात आधी हसूच येईल. पण आहे खरी. लिनक्सवरच्या 'ग्नोम' या डेस्कटॉपची ४८ क्रमांकाची आवृत्ती १९ मार्च २०२५ रोजी आली आणि तिचं नाव 'बेंगळुरू' ठेवलं गेलं. दर मार्च आणि सप्टेंबरला ग्नोम बनवणारी मंडळी नवी आवृत्ती काढतात आणि जिथे त्यांचं संमेलन भरलं त्या गावाचं नाव तिला देतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचं आशियाचं संमेलन बेंगळुरूत भरलं होतं. गावात मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या उचगावकरांना ही रीत आवडायला हरकत नाही.

लिनक्स हा संगणकाचा आतला गाभा. पडद्यावर दिसतं ते सगळं, म्हणजे खिडक्या, मेन्यू, सूचना, घड्याळ, हे डेस्कटॉपचं काम. आत्ता हा विषय काढायचं कारण असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते. त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप कंपनीच्या हिशेबी बाद झाले. त्यांच्यावर लिनक्स मात्र बसवता येतं.

अशा लॅपटॉपला ग्नोम ४८ मध्ये सर्वांत उपयोगी ठरणारा बदल डोळ्यांना दिसत नाही. त्याला ट्रिपल बफरिंग म्हणतात. पडद्यावरचं पुढचं चित्र तयार व्हायला उशीर झाला की खिडकी सरकवताना हिसका बसतो. आता गरज पडेल तेव्हा एक जादा चित्र आधीच रांगेत लावलं जातं. साध्या इंटेल ग्राफिक्सवर हा फरक जाणवतो. हे एवढंसं काम मार्गी लागायला पाच वर्षं गेली! बाकी, एकाच ॲपच्या सूचना आता एका गठ्ठ्यात येतात. पडद्यासमोर किती वेळ गेला ते दिसतं, रोजची मर्यादा ठरवता येते, डोळ्यांना विश्रांती देण्याची आठवण होते. दहावीच्या मुलाच्या आईला हेच आधी दाखवा. लॅपटॉप दिवसभर प्लगला लावून ठेवायची सवय असेल तर बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवता येते, अर्थात तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय असेल तर. एचडीआरचा, म्हणजे जास्त उजळ-गडद छटा दाखवण्याच्या सोयीचा, गाजावाजा बराच झाला, पण जुन्या पडद्यांना त्याचं काही देणंघेणं नाही.

नवा इंग्रजी फॉन्टही आला आहे, अद्वैत सान्स. नाव आपलं, पण त्यात देवनागरी नाही. मराठी अक्षरं लोहित किंवा नोटोसारख्या दुसऱ्या फॉन्टमधून उचलली जातात.

उचगावच्या दृष्टीने खरी मौज कीबोर्डात आहे. ती सोय या आवृत्तीतली नवी नाही, तरी सांगायलाच हवी. इथल्या माणसाला अर्ज कानडीत, निमंत्रण मराठीत आणि पासवर्ड इंग्रजीत लिहावा लागतो. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असण्याचा कायदाही २०२४ मध्ये झाला. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये तिन्ही कीबोर्ड जोडून ठेवायचे. मग विंडोजची खूण असलेली कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. प्रत्येक खिडकीला वेगळी भाषाही देता येते: एकीत मराठी, दुसरीत कानडी. त्यात इनस्क्रिप्ट मांडणी घेतली तर एकदाच शिकायचं. क आणि ಕ एकाच कळीवर, प आणि ಪ एकाच कळीवर. हिंदीवाल्यांना क्वचितच लागणारा आपला ळ शिफ्ट धरून 'एन'वर, आणि कानडीचा ಳ ही तिथेच. सरकारने १९८० च्या दशकात ठरवलेली ही मांडणी सीमाभागाइतकी कुणाच्या कामाची नसेल, आणि तरी इथे ती फारसं कुणी शिकवत नाही.

सगळ्यांनीच लिनक्सवर उडी मारावी असं मात्र माझं मत नाही. डीटीपीचं काम श्रीलिपी, नुडी आणि कोरलड्रॉवर चालत असेल, किंवा हिशेब टॅलीत असतील, तर आहे ती व्यवस्था मोडू नका. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी केलेली आहेत, आणि त्या जुन्या फॉन्टांतला युनिकोड नसलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची भाजी होते. पत्रव्यवहार, अभ्यास, बँकेची कामं आणि यूट्यूब एवढंच असेल तर जुन्या लॅपटॉपला हा उपाय उत्तम.

सप्टेंबर २०२५ मध्ये ४९ वी आवृत्ती येऊन गेली, पण तिच्यामागे धावू नका. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ या लिनक्स-संचात हीच 'बेंगळुरू' आहे आणि तिला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. मात्र मशीन ६४ बिटचं हवं. ३२ बिटच्या जुन्या संगणकावर डेबियन १३ नव्याने बसवता येत नाही. रॅम ४ जीबीच असेल तर ग्नोमऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, वाय-फाय आणि प्रिंटर चालतो का ते तपासा, फोटो-कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा आणि मगच बसवा.

मराठी मेन्यूत अधूनमधून इंग्रजी शब्द दिसतील. ग्नोमचं भाषांतर स्वयंसेवक करतात आणि मराठीकडे माणसं कमी आहेत. उचगाव, कडोली, येळ्ळूरच्या संमेलनांना जाणाऱ्या तरुणांनी आठवड्याला तासभर दिला, तरी ही उणीव भरून निघेल.