हातभर टॅटू आणि वहीत नसलेला रकाना

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. त्यांच्या कॉलेजची एकांकिका होती आणि त्याच्या पात्राला मनगटापासून दंडापर्यंत टॅटू हवा होता. ऑनलाइन मागवलेला मोठा तात्पुरता टॅटू त्याने रंगीत तालमीच्या दिवशी लावला. वीस मिनिटांत कोपराजवळ भेगा पडल्या, मनगटाकडची कड उचलली गेली आणि खांद्याजवळ सुरकुत्या राहिल्या. "ताई, तू त्वचेवर चिकटवायच्या सेन्सरवरच पीएचडी करतेस ना? मग हे का निघतं ते सांग."

खरं सांगायचं तर मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिसरं वर्ष चालू आहे, पण मी वाचलेल्या बहुतेक पेपरांत हा भाग एका ओळीत संपतो: त्वचा स्वच्छ करून पॅच लावला. बस. त्या एका ओळीत किती गोष्टी दडलेल्या असतात, ते आज सांगते. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल आणि "विषय कुठून सुचतो?" असा प्रश्न पडत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

टॅटू नेमका कशावर चिकटतो?

तात्पुरत्या टॅटूत साधारण चार थर असतात. खाली कागद, त्यावर पाण्यात सुटणारा थर, मग शाईची पातळ फिल्म आणि सगळ्यात वर गोंद. गोंदावर पारदर्शक प्लास्टिक असतं. लावताना आपण हे सगळं उलटं करतो, म्हणून चित्र कागदावर आरशातल्यासारखं छापलेलं असतं. पाणी कागदातून आत जातं, मधला थर सुटतो आणि कागद घसरून निघतो. गोंदाला त्या पाण्याची काहीच गरज नसते. तो फक्त दाबाने चिकटतो.

आता त्वचेची बाजू बघा. सगळ्यात वर मृत पेशींचा थर असतो. हातावर त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी. या थरातल्या वरच्या पेशी रोज गळतात आणि खालून नव्या येतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत हा थर पूर्ण नवा होतो. म्हणजे तुम्ही टॅटू भिंतीवर लावत नाही आहात, पोपडे सुटणाऱ्या भिंतीवर लावताय! शिवाय ही भिंत घाम गाळते, तेल सोडते आणि ताणली जाते.

मेहंदीशी तुलना केली तर हे चटकन कळतं. मेहंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य याच मृत थरात शिरतं आणि तिथल्या केराटिनला घट्ट धरतं. टॅटू मात्र थराच्या वर बसतो. मेहंदी फिकी होते ती पेशी गळतात म्हणून. टॅटू तेवढा वेळ टिकतच नाही, कारण त्याच्या कडा आधीच हार मानतात.

मोठा टॅटू वेगळा का वागतो?

लहान फुलपाखरू कुठेही बसतं. हातभर टॅटूला दोन अडचणी येतात.

पहिली आकाराची. कागदाचा पुडा करून त्यात भेळ देतात ना? सपाट कागदाला चुणी न पडता तो शंकू होतो. पण त्याच कागदाने मोसंबं गुंडाळायला गेलात तर चुण्या पडणारच. दोन्ही दिशांनी गोलाई असलेल्या पृष्ठभागावर सपाट पत्रा ताणल्याशिवाय बसत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये गणिताने दाखवलं. मनगट ते कोपर हा भाग पुड्यासारखा, म्हणून तिथे टॅटू बसतो. खांदा आणि कोपराचं टोक मोसंब्यासारखं, म्हणून तिथे सुरकुत्या. यात भावाच्या हाताची काही चूक नव्हती.

दुसरी अडचण ताणाची. हे तुम्ही आत्ता करून बघू शकता. हात सरळ ठेवून कोपराच्या मागच्या बाजूला पेनाने पाच सेंटिमीटरवर दोन ठिपके काढा. कोपर पूर्ण वाकवा आणि पुन्हा मोजा. भावाच्या हातावर अंतर साडेसहा सेंटिमीटर झालं, म्हणजे ३० टक्के वाढ. मनगट आणि कोपराच्या मधोमध काढलेले ठिपके जवळजवळ हलले नाहीत. त्वचा एवढी ताणली जाते, पण शाईची फिल्म तेवढी ताणली जात नाही. मग ती फाटते.

नेमक्या याच प्रश्नावर माझं क्षेत्र उभं आहे. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये त्वचेसारखीच मऊ आणि पातळ इलेक्ट्रॉनिक्स दाखवली. तिथे धातूच्या तारा सरळ ठेवल्या नव्हत्या, नागमोडी केल्या होत्या. नागमोडी तार ताणली की तुटण्याआधी सरळ होते. आणि ही सर्किटं त्वचेवर बसवण्याचा एक मार्ग म्हणजे बाजारात मिळतो तसाच तात्पुरता टॅटू! पातळपणाचं महत्त्वही लक्षात घ्या: पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनानुसार बदलतो. जाडी निम्मी केली की विरोध एक अष्टमांश होतो. म्हणून पातळ फिल्म त्वचेच्या बारीक रेषांतही उतरते आणि जाड फिल्म वरच्यावर तरंगते.

पुढे २०१५ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने टॅटूच्या रूपातला ग्लुकोज सेन्सर सात निरोगी स्वयंसेवकांवर जेवणाआधी आणि जेवणानंतर वापरून पाहिला. सुई न टोचता साखर मोजण्याच्या दिशेने ते एक पाऊल होतं. म्हणजे टॅटूची कड उचलली जाणं ही फक्त नाटकवाल्यांची डोकेदुखी नाही. उद्या एखाद्या रुग्णाच्या आकड्यावर तिचा परिणाम होऊ शकतो.

मग लावायचा कसा?

भावाला मी पाठवलेली यादी जशीच्या तशी देते. कारणंही सोबत लिहिली आहेत, कारण कारण कळलं नाही तर माणूस पायरी गाळतो.

१. आधी त्याच टॅटूचा छोटा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर विषय तिथेच संपला.

२. केस काढायचे असतील तर आदल्या दिवशी काढा. ताज्या दाढीवर गोंद झोंबतो.

३. साबणाने हात धुवा, कोरडा करा, मग स्पिरिटचा बोळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. त्या दिवशी लोशन, तेल, सनस्क्रीन काही नको. घाम येत असेल तर दहा मिनिटं पंख्याखाली बसा.

४. चित्राच्या अगदी कडेने कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यावर ताण साठतो आणि उचलायला सुरुवात तिथूनच होते.

५. एकसंध टॅटूचा मोह सोडा. सांध्याच्या वर एक तुकडा, खाली एक तुकडा. मधली फट नंतर रंगाने भरता येते.

६. प्लास्टिक न काढता आधी हातावर धरून बघा, पेन्सिलने खुणा करा. मग प्लास्टिक काढा, गोंदाला बोट लावू नका. कोपर किंचित वाकवून ठेवा, मधून सुरुवात करून कडांकडे दाबत जा. मोठ्या तुकड्याला दुसरा माणूस लागतोच.

७. ओलं फडकं अर्धा ते एक मिनिट दाबून धरा. कागद आपोआप घसरला पाहिजे. ओढावा लागत असेल तर पाणी कमी पडलंय.

८. वाळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं हात हलवू नका. मग हलकी टाल्कम पावडर. उरलेला चिकटपणा जातो, त्यामुळे धूळ आणि कपडा चिकटत नाही.

नंतर काळजी म्हणजे मुख्यतः घासणं टाळणं. सैल बाह्या घाला. अंघोळ चालते, पण टॉवेलने टिपा, पुसू नका. कड उचललीच तर ओढू नका. बारीक कात्रीने तेवढाच भाग कापा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम फिल्मच्या खालून येतो, त्याला वरून काही करता येत नाही. म्हणून प्रयोगाच्या दिवशीच लावा, आदल्या रात्री नाही. काढताना खोबरेल तेल पाच-दहा मिनिटं ठेवून हलकेच पुसा. चिकटपट्टीनेही निघतो, पण पट्टीबरोबर मृत पेशींचे थरही येतात. संशोधक तो थर अभ्यासायला मुद्दाम हीच पद्धत वापरतात! त्यामुळे पट्टीने काढल्यावर लगेच त्याच जागी दुसरा लावू नका.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: टॅटू टिकत नाही म्हणून 'काळी मेहंदी'कडे वळणं. खरी मेहंदी नारिंगी ते तपकिरी रंगते, मिनिटांत काळीकुट्ट होत नाही. तशी होत असेल तर तिच्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी असतं. त्याने फोड येऊ शकतात आणि एकदा ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहू शकते. पुढे साधा हेअर डायही चालत नाही.

आता संशोधनाचं

ही यादी वाचून भावाने विचारलं, "स्पिरिट खरंच लागतं का? की तुझी सवय?" यापेक्षा चांगला प्रश्न मला माझ्या सेमिनारमध्येही कुणी विचारला नव्हता. एकांकिकेला नऊ दिवस होते, टॅटूचे तुकडे उरले होते. मी म्हटलं, करून बघ.

त्याने एकाच शीटमधून दोन सारखे तुकडे कापले. दोन्ही हातांवर एकाच जागी, एकाच वेळी लावले. एका हाताला साबण आणि स्पिरिट, दुसऱ्याला फक्त साबण. बाकी सगळं सारखं. दर चार तासांनी शेजारी पट्टी ठेवून फोटो. 'निघाला' म्हणजे काय, हे आधीच ठरवलं: कड दोन मिलिमीटरपेक्षा जास्त उचलली की निघाला. उजवा हात जास्त हलतो, म्हणून दुसऱ्या वेळी बाजू बदलल्या.

दोन्ही वेळा स्पिरिटवाला तुकडा जास्त टिकला. तो खूश झाला, म्हणाला सिद्ध झालं! नाही झालं. एकच माणूस, दोनच वेळा. नाटकासाठी एवढं पुरे, पेपरसाठी नाही. पण यात संशोधनाचा सांगाडा आला की नाही? एकच बदल, तुलनेला जोडीदार, आधी ठरवलेली व्याख्या आणि निष्कर्षाची मर्यादा. फक्त हे घरी टॅटूपुरतं ठीक आहे. संस्थेत माणसांवर काहीही लावायचं, अगदी स्वतःवर जरी, तर आधी आचारसमितीला विचारायचं.

आता माझी गोष्ट, जी मी भावाला सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी, रीतसर परवानगी घेऊन घेतलेल्या माझ्या सुरुवातीच्या नोंदींत दोन जणांचे आकडे वेडेवाकडे आले. मी महिनाभर सर्किटला दोष देत राहिले, दोनदा सोल्डरिंग केलं. शेवटी त्यातल्या एकीने सहज सांगितलं की ती रोज सकाळी हाताला मॉइश्चरायझर लावते. दुसऱ्याला विचारलं, तर त्याला आता काही आठवत नव्हतं. ते सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. वहीत तापमान होतं, वेळ होती, बॅटरीचं व्होल्टेज होतं. "आज त्वचेला काय लावलंय?" हा रकानाच नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते. प्रपोजल लिहिताना सगळे उपकरणाबद्दल पानभर लिहितात आणि ते ज्यावर बसणार त्याबद्दल एक ओळ. तुमचा विषय माती असो, कापड असो की शाळेतली मुलं, आधी त्या पृष्ठभागाबद्दल पानभर लिहून बघा. तो रोज कसा बदलतो, त्याला आधी काय झालंय, तो किती ताणला जातो. बऱ्याचदा तुमचा खरा विषय त्या पानावरच सापडेल.

एकांकिकेच्या दिवशी टॅटू शेवटच्या प्रवेशापर्यंत टिकला. कोपराजवळची फट त्यांनी आयलायनरने भरली होती, ती मात्र घामाने पसरली. भावाने रात्रीच मेसेज केला: "ताई, पुढच्या वेळी आयलायनरचा रकाना."