नळी आखूड, शिक्षा लांब

शिरूर अनंतपाळ भागात तूर-सोयाबीनच्या जागलीला जाणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक असेल, तर मोटारसायकलवर ती अडचणीची होते, ही तक्रार खरीच. मग मोबाइलवर घडीचा दस्ता, आखूड नळी, सायलेन्सर यांचे परदेशी व्हिडिओ दिसू लागतात. तिथला कायदा वेगळा, इथला वेगळा. शिवाय बंदुकीची लांबी हे एकच माप नसतं. नळी कमी होतेय की दस्ता, हे आधी पाहावं लागतं.

गैरसमज: परवाना आहे, मग नळीचे चार इंच कापले तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती: शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 खाली किमान 7 वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप आणि वर दंड. संरक्षणासाठीच्या छऱ्याच्या बंदुकीबद्दल कलम 13 बोलतं, ते किमान 20 इंच नळी धरूनच. बंदुका दुरुस्त करण्याचा धंदाही परवान्याचाच, त्यामुळे नळी कापून देणारा लेथवालाही गोत्यात येतो.

गैरसमज: नळी कापली की छर्रे पसरतात, नेम चुकतच नाही.
वस्तुस्थिती: छर्रे एकत्र ठेवणारा चोक नळीच्या टोकालाच असतो. टोक गेलं की चोकही गेला. छर्रे विरळ होतात, लांबच्या निशाण्यावर थोडेच पोचतात आणि बाकीचे भलतीकडे जातात.

गैरसमज: सायलेन्सर, सुटी नळी म्हणजे नुसते पार्ट, ऑनलाइन मागवले तरी चालतात.
वस्तुस्थिती: कायद्याच्या व्याख्येत आवाज किंवा ज्वाला कमी करणारं साधन आणि बंदुकीचे सुटे भाग हेसुद्धा ‘अग्निशस्त्र’च आहेत. पार्सल उघडताक्षणी विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा प्रश्न उभा राहतो.

गैरसमज: घडीचा दस्ता बसवला की बंदूक आखूडही होते आणि चांगलीही.
वस्तुस्थिती: दस्ता दुमडल्याने नळीला धक्का लागत नाही, फायदा फक्त ने-आण करताना. लष्कराची इन्सास रायफल सुमारे 960 मिलिमीटर लांब; घडीच्या दस्त्याची आवृत्ती दुमडल्यावर सुमारे 750 भरते. पण दुमडलेला दस्ता खांद्याला लावता येत नाही, गाल टेकत नाही आणि नेम डळमळतो. टॅव्होर रायफल सुमारे 720 मिलिमीटरमध्ये 460 ची नळी बसवते, कारण तिची यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यातच असते. ही मुळातली रचना आहे. वरून जोडलेल्या साहित्याने ती साधत नाही.

गैरसमज: जितकी नळी लांब, तितका नेम अचूक.
वस्तुस्थिती: लांबीमुळे मुख्यतः गोळीचा वेग वाढतो. मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर वाढलं की उघड्या नेमाची चूक लवकर कळते. दुर्बीण लावली की तो फायदा उरत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलला तर यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत 850 मिलिमीटरची मर्यादाच आहे. आता दस्त्याचं पाहा. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. अशा नेमबाजाच्या रायफलचा दस्ता आखूड करण्यासाठी नव्हे, तर अंगाबरोबर जुळवण्यासाठी कमी-जास्त केला जातो.

गैरसमज: छऱ्याच्या एअरगनला कायदाच लागू नाही, आणि पीक वाचवायला काहीही मारता येतं.
वस्तुस्थिती: शस्त्र नियम 2016 मधली सूट 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तरच मिळते. ताकद वाढवली की सूट संपली. पिकात शिरणारं काळवीटही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

ने-आणीची अडचण सोडवायला यातलं काहीच लागत नाही. मोडून भरायची बारा बोअर बंदूक नळी आणि दस्ता अशा दोन भागांत सुटते आणि आखूड पेटीत मावते. त्यापलीकडे काही बदल हवा असेल, तर लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत आधी लेखी विचारा, पैसे नंतर मोजा.