पाच सेकंदांची जिफ २० एमबीची का होते?

एखादी हलणारी शुभेच्छा मेलने पाठवायला जावं, तर फाइल २० एमबीची! तोच व्हिडिओ दोन एमबीत मावतो. आवाज नाही, लांबी पाच सेकंद, मग एवढं वजन येतं कुठून?

जिफ मुळात जुनी. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या टीमने १९८७ मध्ये ती बनवली. (गिफ की जिफ, हा वाद चालू द्या, विल्हाइट स्वतः जिफच म्हणायचे.) एका फ्रेममध्ये रंग जास्तीत जास्त २५६. फोटोतल्या आकाशाच्या असंख्य छटा त्यात कोंबायच्या, तर सॉफ्टवेअर बारीक ठिपके पेरतं आणि डोळ्याला मधली छटा असल्याचा भास होतो. गंमत म्हणजे हेच ठिपके फाइल फुगवतात! जिफचं कॉम्प्रेशन सलग, एकसारख्या रंगावर छान चालतं, ठिपक्यांवर नाही. शिवाय 'गाडी थोडी डावीकडे सरकली' एवढंच सांगून व्हिडिओचं भागतं. जिफला बदललेला भाग नव्याने साठवावा लागतो.

आता उपाय. विंडोजवर स्क्रीनटूजिफ, कुठेही चालणारं गिम्प, दोन्ही मोफत. गिम्पमध्ये प्रत्येक लेयर म्हणजे एक फ्रेम. ब्राउझरमध्येच काम उरकायचं तर ईझीजिफ आहे. पण तिथे फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, त्यामुळे घरच्यांचे फोटो असतील तर मी तरी कॉम्प्युटरवरचंच सॉफ्टवेअर वापरेन.

सगळ्यात आधी आकार कमी करा. रुंदी-उंची निम्मी केली की पिक्सेल चौथाईवर येतात. मग एक सोडून एक फ्रेम काढा, मात्र उरलेल्या फ्रेमची वेळ दुप्पट करायला विसरू नका, नाहीतर माणसं चार्ली चॅप्लिनसारखी पळतील. रंग ६४ वर आणून बघा. कार्टून असेल तर फरक कळतही नाही. हे सगळं मूळ व्हिडिओवरून करा, तयार जिफवरून नको.

एक फसवी जागा: जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. वेग वाढावा म्हणून तिथे १ टाकलात, तर बहुतेक ब्राउझर त्याचे १० धरतात आणि जिफ उलट रेंगाळते. २ टाका.

आणि फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची असेल तर एवढा खटाटोप नकोच. तिथे दिसणारी जिफ मुळात एमपी४ व्हिडिओच असते. छोटा व्हिडिओ निवडा, पाठवण्याआधी जिफचा पर्याय दाबा, झालं.