गणराज्य : शाक्यांचे, संघाचे आणि आपले

दरवर्षी २६ जानेवारीला आपण विहाराच्या प्रांगणात ध्वजवंदन करतो, मुलांना खाऊ वाटतो आणि घरी परततो. पण 'प्रजासत्ताक' म्हणजे काय, असे एखाद्या मुलाने विचारलेच, तर बहुतेक जण 'लोकशाही' असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर अपुरे आहे. इंग्लंडात लोकशाही आहे, परंतु राजपद वंशपरंपरेने चालते. म्हणून ते प्रजासत्ताक नव्हे. ज्या राज्यात सर्वोच्च पदसुद्धा जन्माने मिळत नाही, ते प्रजासत्ताक. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत यासाठी 'गणराज्य' हा शब्द आहे.

परंतु राजा नसला की झाले, असे नाही. कोणीही दुसऱ्याच्या मर्जीवर जगू नये, हा या विचारसरणीचा गाभा होय. धनी दयाळू निघाला म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही. ज्यांचे आजे-पणजे वतनाच्या चाकरीत राबले, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. पाटील भला असला तरी बलुते अखेर गावाच्या मर्जीचे! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचे बिल मांडले, त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि कामे नियमाने ठरावीत, अशी मागणी होती. दया वाढवा, अशी नव्हती.

भगवान बुद्धांचा जन्मच गणराज्यातला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्धाचा ठराव शाक्य संघापुढे आला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला, बहुमत उलट गेले आणि त्यातून गृहत्याग घडला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. मात्र या गणराज्यांचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. तेथे एकटा राजा नव्हता हे खरे, पण सभेतले आसन क्षत्रिय कुळांचे होते. शाक्यांचा न्हावी उपाली त्या सभेत कोठे बसणार?

त्याला आसन मिळाले ते भिक्खुसंघात. शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी गेले, तेव्हा आपला कुलाभिमान मोडावा म्हणून 'उपालीला आधी दीक्षा द्या' अशी विनंती त्यांनीच केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने, त्यामुळे राजकुमारांना न्हाव्यापुढे वाकणे आले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय विचारला गेला, तोही उपालीलाच.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी याच संघाचा दाखला दिला. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खुसंघाला ठाऊक होते, असे त्यांनी दाखवले. त्याच भाषणात राजकारणातील भक्तीचा धोकाही सांगितला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या आपल्या पक्षाचे नाव 'रिपब्लिकन' ठेवले गेले. त्याची पुढे जी शकले झाली, ती बहुतेक नेत्यांच्या नावाने ओळखली गेली. याहून अधिक काय लिहावे!

संघाचे कामकाज मात्र पाहण्यासारखे होते. आधी ज्ञप्ती, म्हणजे विषयाची सूचना. उपसंपदेसारखा महत्त्वाचा विषय असेल तर ठराव तीनदा ऐकवला जाई. ज्याला मान्य त्याने गप्प राहावे, ज्याला अमान्य त्याने बोलावे. मतभेद उरलेच, तर शलाका म्हणजे काड्या घेऊन मते मोजत. मध्यदेशात दहा भिक्खू जमल्याशिवाय उपसंपदा होत नसे. सीमेकडच्या प्रदेशात भिक्खू थोडे, म्हणून तेथे पाच पुरत.

आणि आपल्या मंडळांच्या वार्षिक सभा? गणपूर्ती झाली नाही की अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी, त्याच आठ-दहा माणसांत पुन्हा सभा. हिशेबाचा कागद हाती येण्याआधीच मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो. तो आवाज काही वेळा माझाही होता. येत्या सभेपूर्वी आठ दिवस हिशेब प्रत्येक सभासदाच्या घरी पोचावा, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे.