खाडीकाठचा चोर आणि काळे पाणी

समुद्रपार हद्दपारीच्या शिक्षेचा, म्हणजेच काळ्या पाण्याचा, विचार मराठीत बहुतेक वेळा राजकीय कैद्यांच्या संदर्भात होतो, आणि पेण-रोह्याच्या परिसरात तर तो तसा होणे स्वाभाविकच आहे. कारण पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेवर एडनला नेण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु या शिक्षेच्या दीड शतकाच्या इतिहासात जहाजांवर चढवले गेलेले बहुसंख्य लोक चोर, घरफोडे, दरोडेखोर आणि खुनी या वर्गांतले होते, आणि त्यांतही ज्याचा अपराध सर्वांत किरकोळ तो साधा चोर इतिहासलेखनात सर्वांत मागे राहिला. भातशेती, मिठागरे आणि जंगल यांवर जगणाऱ्या या मुलखातील असा माणूस कायद्याच्या कोणत्या वाटेने समुद्रापार जाऊ शकत होता आणि तेथे त्याच्या वाट्याला कसले आयुष्य येत होते, हे समजून घेतल्याशिवाय काळ्या पाण्याचा इतिहास पुरा होत नाही.

कायद्याची चढती शिडी

पेशवाईच्या काळात चोराला दंड, फटके, हातपाय तोडणे किंवा डोंगरी किल्ल्यावरील कैद अशा शिक्षा होत. १८१८ साली पेशव्यांचे राज्य गेले, पेणचा मुलूख कंपनी सरकारकडे आला आणि १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यासाठी जी कायदेसंहिता तयार झाली, तिच्यातील शिक्षांमध्ये समुद्रपार हद्दपारीचा समावेश झाला. शेजारच्या अलिबागेत मात्र १८४० साली संस्थान खालसा होईपर्यंत आंग्र्यांचा अंमल चालू होता; म्हणजे एकाच खाडीच्या परिसरात काही वर्षे दोन राज्ये आणि दोन न्याय नांदत होते.

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता अमलात आली, आणि तिची कलमे एकापुढे एक ठेवून वाचली की किरकोळ चोर जन्मठेपेपर्यंत कसा पोहोचू शकत होता, हे उघड होते. साध्या चोरीला कलम ३७९ नुसार जास्तीत जास्त ३ वर्षांची कैद होती. हीच चोरी करण्यासाठी रात्री भिंत फोडून किंवा कडी काढून घरात शिरणे, म्हणजे रात्रीची घरफोडी, कलम ४५७ खाली येई आणि तिची कमाल शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाई. ज्या गुन्ह्याला ७ वर्षे किंवा त्याहून अधिक कैद देता येते, तेथे कैदेऐवजी हद्दपारी देण्याची मुभा कलम ५९ ने न्यायालयाला दिली होती. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली की ती दरोडा ठरे आणि दरोड्याला जन्मभराची हद्दपारी देता येई. याउपर कलम ७५ होते. ३ वर्षे किंवा अधिक कैदेस पात्र असा मालमत्तेविषयीचा गुन्हा पूर्वी सिद्ध झालेल्या माणसाने तसाच गुन्हा पुन्हा केला, तर त्यालाही जन्मभर हद्दपार करता येत असे. याचा सरळ अर्थ असा की, पितळी हंडा किंवा कणगीतले भात दोनदा चोरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने काळ्या पाण्याच्या टप्प्यात येत होता.

खाडीकाठच्या शेतीत भरतीच्या पाण्याने बांध फुटला की खारे पाणी शिवारात शिरून पीक जाते आणि जमीन पुन्हा पिकती होण्यास वेळ लागतो. भूमिहीन मजुराला तर सुगीनंतर काम शोधत फिरावे लागते. अशा मुलखातील भूक संहितेच्या शिडीत कोठेही मोजली जात नव्हती, मोजली जात होती ती फक्त मागची शिक्षा.

ठाण्याहून बंदरापर्यंत

१८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा प्रदेश ठाणे जिल्ह्याचा भाग होता, त्यामुळे गंभीर गुन्ह्याच्या खटल्याची वाट ठाण्याकडे जाई. तेथील तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी आणि १७७४ साली इंग्रजांनी घेतलेला किल्ला. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून निसटले आणि १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना येथेच फाशी झाली. हद्दपारीचा कैदी पुढे मुंबईहून जहाजावर चढे. खाडीतल्या मचव्यांची सवय असलेल्या माणसालाही शिडाच्या जहाजावर बेड्या घालून काढावे लागणारे आठवडे असह्य होत. त्यात परक्या जातीच्या माणसांशेजारी खाणे-पिणे घडले की जात गेली, अशी त्या काळची समजूत असल्याने, परत आलो तरी घरचे पंगतीला घेतील का, ही धास्ती शिक्षेइतकीच जड असे.

घामावर उभी राहिलेली शहरे

कंपनी सरकारने १७८७ पासून सुमात्रा बेटावरील बेंकुलेन येथे आणि त्यानंतर पिनांग, मॉरिशस, मलाक्का, सिंगापूर, ब्रह्मदेश अशा ठिकाणी कैदी पाठवले, आणि या ठिकाणांची निवड पाहिली की शिक्षेइतकीच मजुरांची गरजही त्यामागे होती, हे लक्षात येते. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले आणि त्यांनी तेथील रस्ते बांधले. १८३६ मध्ये त्या बेटावर उतरलेल्या चार्ल्स डार्विनने या भारतीय कैद्यांच्या रूपाची व वागणुकीची वाखाणणी केली आहे. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज मात्र मुख्यतः १८३४ नंतर करारावर गेलेल्या गिरमिटिया मजुरांचा वंशज आहे. कैदी त्यांच्याआधी आले होते.

सिंगापूरमध्ये १८२५ पासून आलेल्या भारतीय कैद्यांची वर्गवारी वर्तनानुसार केली जाई आणि त्यांच्यातूनच मुकादम व टंडेल निवडले जात, म्हणजे कैद्यांवरचा पहारा बव्हंशी कैदीच करीत. १८६२ साली प्रतिष्ठापना झालेले सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल कैद्यांच्या श्रमातून उभे राहिले. त्याच्या भिंतींचा गिलावा वाळूशिवाय केलेला होता. शिंपल्यांच्या चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक आणि जाडी साखर घोटून, नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्यात ते मिश्रण सारखे करीत, भिंतीवर लेप दिल्यावर गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घासत आणि त्यातून संगमरवरासारखी चकाकी आणत. आज सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेली इमारतही १८६७ ते १८६९ या काळात कैद्यांच्याच श्रमाने बांधली गेली. आपल्या गावात ज्यांना चोर यापलीकडे ओळख उरली नव्हती, ते तेथे गवंडी, सुतार, लोहार आणि वीटभट्टीवाले झाले. ही वाहतूक उलट दिशेनेही चालत असे. मलायाकडील चिनी कैदी मुंबई इलाख्यात आणले जात आणि महाबळेश्वरच्या भाजीपाल्याच्या शेतीत त्यांच्या श्रमाचा मोठा वाटा आहे.

अंदमान

१० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैद्यांसह अंदमानात उतरले आणि त्यानंतर हद्दपारीचा मुख्य ओघ तिकडे वळला. जंगलतोड, दलदल भरणे, ताप आणि फटके यांतून जो तगला, त्याला बऱ्याच वर्षांच्या चांगल्या वर्तनानंतर स्वतःच्या कमाईवर राहण्याचा परवाना मिळे. मग तो जमीन कसू शके, गुरे पाळू शके आणि परवानगीने कैदी स्त्रीशी विवाहही करू शके. अशा कुटुंबांत प्रांत, जात आणि धर्म यांची सरमिसळ झाली, हिंदुस्तानी ही घरची भाषा ठरली आणि त्यांच्या वंशजांचा एक स्वतंत्र स्थानिक समाज तेथे तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही वसाहत कैद्यांसाठी कायमची बंद झाली आणि १ जानेवारी १९५६ पासून दंड संहितेतील जन्मभराच्या हद्दपारीची जागा आजीव कारावासाने घेतली.

या चोरांचा गौरव करण्याचे कारण नाही, कारण ज्याची कणगी रिकामी झाली तो शेतकरीही गरीबच असू शकत होता. परंतु एका हंड्याच्या बदल्यात माणसाचे गाव, भाषा, कुटुंब आणि उभे आयुष्य घेणे हा न्याय अपराधाच्या मापाचा नव्हता, आणि त्या श्रमाचा लाभ मात्र साम्राज्याने पिढ्यान्‌पिढ्या घेतला, हे स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत. पेण-रोह्याच्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या अभ्यासकांनी ती आपल्या तालुक्याच्या दृष्टीने वाचायला घेतली, तर शिक्षा झालेल्या माणसांना निदान त्यांची नावे आणि गावे परत देता येतील, आणि स्थानिक इतिहासाच्या कामात याहून निकडीचे काम थोडेच असेल.