बाहूची दुखापत झालेल्या बालकांचे पुनर्वसन आणि व्हिडिओ गेम

पडताना मूल स्वाभाविकपणे हात पुढे टेकते आणि कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडते. बालवयातील कोपराच्या अस्थिभंगांत हा प्रकार सर्वाधिक आढळतो; पाच ते सात वर्षांच्या मुलांत तो विशेषेकरून दिसतो. प्लास्टर काही आठवड्यांनी निघते. तथापि हाड सांधले म्हणजे हात पूर्ववत झाला असे नव्हे. कोपर आखडलेला असतो आणि दुखेल या भीतीने मूल हात अंगाशी धरून ठेवते. अशा कोपरास बळाने ताणणे इष्ट नाही; त्यामुळे सूज वाढते, क्वचित स्नायूंत हाडही तयार होते. हालचाल मुलाने आपण होऊनच करावयास हवी. बहुतेक मुलांची ती खेळता खेळता परतही येते. प्रश्न उरतो तो ज्यांची येत नाही त्यांचा. एकच हालचाल पन्नास वेळा करण्याचे प्रयोजन सात वर्षांच्या मुलास पटवावे कसे?

येथे व्हिडिओ गेमचा उपयोग संभवतो. २००६ मध्ये आलेल्या ‘वी’ या यंत्रात हाती धरावयाच्या नियंत्रकाची गती नोंदली जाते. २०१० च्या ‘किनेक्ट’मध्ये कॅमेराच सांध्यांची स्थाने ताडतो, त्यामुळे पकड दुर्बळ असली तरी अडत नाही. किनेक्टचे उत्पादन पुढे थांबले. तत्त्व मात्र टिकून आहे. अमेरिकेत जुडिथ डॉइच व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका किशोरावर ‘वी’चा प्रयोग करून शरीराचा तोल व चालणे यांत सुधारणा नोंदविली. परंतु एका रुग्णाचा हा अनुभव मोडलेल्या कोपरास जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, गुण मिळणे आणि सांधा हलणे या दोन भिन्न गोष्टी होत. बाजारातील खेळ निरोगी हातांकरिता रचलेले असतात. मूल चतुर असते. कोपर न वाकवता खांदा उचलून, कंबर झुकवून किंवा मनगटास झटका देऊन ते गुण मिळविते. खेळ जिंकला जातो, कोपर होता तेथेच राहतो. म्हणून उपचारतज्ज्ञाने प्रथम कोनमापकाने कोपराची हालचाल मोजावी, खेळातील लक्ष्य त्या मर्यादेच्या किंचितच पुढे ठेवावे आणि धड स्थिर राहील अशा बेताने मुलास बसवावे. ठराविक काळाने माप पुन्हा घ्यावे. यशाचा निकष कोनमापक होय, पडद्यावरील गुणसंख्या नव्हे.

मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. परंतु वसई परिसरातील नंदाखालसारख्या गावाहून विरार स्थानक गाठून रोज मुंबईस जाणे कोणत्याही कुटुंबास अवघडच. अशा वेळी तज्ज्ञाने नेमून दिलेला खेळ घरी खेळणे आणि मोजमापापुरते उपचारकेंद्रात येणे ही योजना विचारार्ह ठरते. मात्र खेळ हे व्यायामास प्रवृत्त करण्याचे साधन आहे. उपचारतज्ज्ञाच्या नजरेची जागा तो घेऊ शकत नाही.