कार्बनची एक ऊर्जापातळी आणि विश्वरचनेतील हेतूचा प्रश्न

विश्वाची रचना जीवसृष्टीसाठी हेतुपुरस्सर झाली आहे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात पुरातन आहे. विसाव्या शतकात त्यास भौतिकशास्त्रातून नवा आधार लाभला, असे पुष्कळांचे मत आहे. निसर्गातील मूलभूत बलांची मूल्ये किंचित निराळी असती, तर जीवसृष्टी संभवली नसती, असे या युक्तिवादाचे स्वरूप आहे. त्याचे बळ सामान्य विधानांवरून अजमावता येत नाही. एखादे उदाहरण मुळापासून तपासावे लागते. कार्बन-१२ या अणुगर्भाची एक ऊर्जापातळी हे असे उदाहरण होय.

ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपुष्टात येऊन तेथील तापमान सुमारे दहा कोटी अंशांवर पोहोचले, म्हणजे हेलियमचे ज्वलन सुरू होते. दोन हेलियम अणुगर्भांच्या संयोगाने बेरिलियम-८ निर्माण होते. परंतु त्याचे आयुष्य सेकंदाच्या एक-अब्जांशाच्याही सुमारे एक-कोट्यंशाइतकेच असते. तेवढ्या अवधीत तिसरा हेलियम अणुगर्भ त्यावर आदळला, तरच कार्बन तयार होतो. एडविन सॅल्पीटर यांनी १९५२ मध्ये ही प्रक्रिया मांडली. तथापि, या मार्गाने निर्माण होणारा बहुतेक कार्बन लागलीच ऑक्सिजनमध्ये रूपांतरित होईल, असे फ्रेड हॉइल यांस आढळून आले. विश्वात कार्बन तर विपुल आहे. तेव्हा बेरिलियम व हेलियम यांच्या एकत्रित ऊर्जेच्या किंचित वर कार्बनची एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे व तिच्या अनुनादामुळे संयोगाचा वेग कित्येक पटींनी वाढत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. १९५३ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे वॉर्ड व्हेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पातळी प्रयोगाने दाखवून दिली. तिचे मूल्य ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून बेरिलियम-हेलियमची एकत्रित ऊर्जा ७.३७ आहे. उलटपक्षी, ऑक्सिजन-१६ ची ७.१२ ही पातळी कार्बन-हेलियमच्या ७.१६ या ऊर्जेच्या थोडी खाली पडते; तेथे अनुनाद हुकतो आणि कार्बन शिल्लक उरतो.

येथे पहिला विवेक करावयास हवा. हॉइल यांच्या अनुमानाचा आधार कार्बनची विपुलता हा होता, जीवसृष्टीचे अस्तित्व हा नव्हे. विश्वात एकही जीव नसता, परंतु कार्बन इतकाच असता, तरी ते अनुमान तितकेच सयुक्तिक ठरले असते. त्याचा जीवसृष्टीशी जोडला गेलेला अर्थ नंतरचा आहे. ब्रँडन कार्टर यांनी ‘मानवकेंद्री तत्त्व’ ही संज्ञा १९७३ मध्ये मांडली. खुद्द हॉइल यांनी १९८१ मध्ये, भौतिक नियमांमागे एखादी बुद्धिमत्ता असावी, असा अभिप्राय व्यक्त केला.

दुसरा प्रश्न संवेदनशीलतेचा. मारिओ लिव्हिओ व सहकारी यांनी १९८९ मध्ये दाखविले की, केवळ ही पातळी ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टने वर सरकविली, तर कार्बनच्या निर्मितीत विशेष फरक पडत नाही. हाइन्झ ओबरहुमर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अणुगर्भीय बलच अर्ध्या टक्क्याने बदलून पाहिले. तेव्हा कार्बन किंवा ऑक्सिजन यांपैकी एकाचे उत्पादन तीस ते हजार पटींनी घटते, असे निष्पन्न झाले. या निष्कर्षांत विरोध नाही. दोहोंत बदललेली राशी भिन्न आहे. म्हणजेच ‘किती काटेकोर जुळणी?’ या प्रश्नाचे उत्तर, काय बदलावयाचे आणि काय स्थिर ठेवावयाचे, यावर अवलंबून राहते. शिवाय ऊर्जापातळी ही स्वतंत्रपणे फिरविता येणारी कळ नव्हे. ती मूलभूत बलांपासूनच उद्भवते. २०११ मध्ये एव्हगेनी एपेलबाउम व सहकाऱ्यांनी अशा बलांवरून ही पातळी गणिताने काढून दाखविली.

तिसरा आणि निर्णायक मुद्दा तर्कशास्त्रीय आहे. संवेदनशीलता म्हणजे असंभाव्यता नव्हे. एखादे मूल्य असंभाव्य आहे, असे म्हणण्यासाठी शक्य मूल्यांपैकी प्रत्येकाचा संभव किती, हे ठाऊक असावे लागते. निरीक्षणास मात्र एकच विश्व उपलब्ध आहे. कार्बनयुक्त निरीक्षक कार्बनरहित विश्वात असू शकत नाहीत, हे निःसंशय. परंतु त्यावरून बलांना हीच मूल्ये का, याचा उलगडा होत नाही. अनेक विश्वांची कल्पना तो करू पाहते, पण तीही संभाव्यतेच्या याच अडचणीत सापडते. हेतुवादासही निराळी सवलत नाही. रचनाकर्त्यास काय अभिप्रेत असेल, हे आधी सांगितल्याविना त्या कल्पनेतून कोणतेच भाकीत निघत नाही. कार्बन हेच उद्दिष्ट मानले, तर उत्तेजित अणुगर्भांपैकी हजारात एकाहूनही कमी स्थिर कार्बन होतात व बाकीचे पुन्हा फुटतात, याचीही संगती लावावी लागेल.

तात्पर्य, कार्बनची ही पातळी जीवसृष्टीचे भौतिक नियमांवरील अवलंबन सिद्ध करते. हेतू सिद्ध करीत नाही आणि त्याचे खंडनही करीत नाही. अवलंबन मोजता येते, असंभाव्यतेस गृहीतके लागतात आणि हेतूस त्यांहून अधिक. या तीन पायऱ्या पृथक ठेवणे, हीच या प्रश्नाच्या अभ्यासाची पहिली अट होय.